नाकावरच्या चुण्या

आमच्या घरात भातासाठी काळं ताट आहे आणि वांग्याच्या भाजीसाठी पांढरं. पाहुणे आले की आधी ताटांकडे बघतात, मग सासूबाईंकडे, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या नजरेतूनच मला कळतं की ही बाई सासूला वेगळ्या भांड्यात वाढते, अशी नोंद झालेली आहे. होऊ दे. प्रत्येकाला डोळ्याचा पडदा आणि त्याची झीज समजावत बसायला मला वेळ नाही. स्टीलच्या ताटात पांढरा भात वाढला की तो सासूबाईंना दिसत नाही. हात ताटभर चाचपडत फिरतो, आणि तो फिरणारा हात मला बघवत नाही.

मोतीबिंदू केव्हाच काढून झाला होता. हे दुखणं त्याच्या मागचं, पडद्याचं. ते एका दिवसात आलं नाही, कितीतरी वर्षं हळूहळू येत राहिलं, इतकं हळू की त्यांनाही कळलं नाही आणि आम्हालाही. सुईत दोरा ओवणं गेलं, पेपर गेला, मग तांदळातले खडे गेले, मग माणसांचे चेहरे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मोठं करून दाखवण्यापेक्षा उठावदार करून दाखवा. पांढऱ्यावर पांढरं ठेवू नका, काळ्यावर काळं ठेवू नका. त्यांना कडा कळल्या पाहिजेत." त्या दिवशी येतानाच मी ताटं घेऊन आले आणि आमच्या ह्यांनी मागच्या दाराच्या पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला. तेव्हापासून सासूबाई त्या पायरीवर अडखळलेल्या नाहीत. नजरेच्या मधोमधच धुकं असल्यामुळे त्या मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. "कोंबडीवानी पाहा लागते बाई मले," असं त्याच सांगतात आणि त्याच हसतात.

आता माझ्या कामाबद्दल. मी लग्नाचे अल्बम करते. फोटो मी काढत नाही. फोटोग्राफर लोक हार्ड डिस्क आणून देतात, मी त्यातले फोटो निवडते, साफ करते, पानं लावते. शहराला लागून असलेल्या वाडीत, अमरावती रोडच्या जरा आत आमचं घर आहे. समोरच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक कूलर आणि मी. बाहेरून भरलेला ट्रक गेला की टेबल थरथरतं आणि नवरीच्या भुवईवर चाललेला माझा ब्रश तिच्या कपाळावर जातो. ह्यांची नोकरी इथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये असल्यामुळे ट्रकांबद्दल घरात तक्रार करायची सोय नाही.

साफ करणं म्हणजे काय, ते सांगते. नवरीच्या चेहऱ्यावर काही म्हणून राहता कामा नये, असा ह्या धंद्यातला नियम आहे. तो कुणी केला मला ठाऊक नाही, पण त्याला आव्हान देणारा मला अजून भेटला नाही. "ताई, स्किन जरा स्मूद करजा," एवढं एक वाक्य प्रत्येक फोटोग्राफर डिस्कबरोबर देऊन जातो. मग पुरळ, घाम, डोळ्यांखालचं काळं, जागरण, सगळं पुसायचं. सावळी पोर असली की घरच्यांकडून वेगळा निरोप येतो, त्याबद्दल मी इथे बोलणार नाही, कारण बोलायला लागले तर थांबायची नाही. वऱ्हाडी बायकांच्या चेहऱ्यांवरूनही थोडा हात फिरवायचा, कारण अल्बम उघडला की प्रत्येक बाई आधी स्वतःला शोधते. मी तरी कुठे वेगळी आहे? घरातलं लग्न असलं की माझा पहिला हात माझ्याच डोळ्यांखालच्या पिशव्यांवर पडतो. आमच्या नात्यातल्या सगळ्या अल्बमांत मी पस्तिशीच्या पुढे गेलेलीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लेकीचं लग्न झालं. ती एकुलती एक. स्थळ सासूबाईंनी आणलेलं, त्यांच्या माहेरचं, सावनेरकडचं. मुलगा शिकलेला, पुण्यात नोकरीला, वागायला साधा. लेक त्याला भेटून आली, जेवायला बसली आणि ताटावरून मान वर न करता म्हणाली, "आजी म्हणून राहिली त चांगलंच असंल." असा तिचा होकार. त्या वेळी आम्हाला त्या वाक्याचं फार कौतुक वाटलं. आजकालच्या पोरी कुठे असं म्हणतात, असं सासूबाईंनी चार घरी सांगितलंही. पण लग्न झालं, दोघं पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि तेच वाक्य सासूबाईंच्या मनात घर करून बसलं.

अल्बम तयार झाला तेव्हा मी तो मोठ्या हौसेने त्यांच्या मांडीवर ठेवला. माझ्या हातचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं ते. लेकीचा चेहरा असा केला होता की डाग शोधून सापडू नये. सासूबाईंनी मान वाकडी केली, एक पान बघितलं, दुसरं बघितलं, पान उलटून पुन्हा मागे आल्या.

"सगळ्याइचे तोंडं पुसून टाकले का वं?"

मला राग आला. "आई, तोंडं हायेत सगळ्याइचे. तुमाले दिसून नाही राहिले."

"साड्या दिसून राहिल्या. फेटे दिसून राहिले. तोंडाच्या जागी पोळीचा उंडा ठेवल्यावानी दिसून राहिला." त्यांनी अल्बम मिटला आणि त्यावर हात ठेवून बसल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मले एकच सांग. पोट्टी मनातून हसून राहिली होती काय?"

"हो नं."

"तू माय हायेस तिची. तू मले खरं सांगशील काय?"

मी म्हटलं, "मग तिलेच विचारा फोनवर."

"विचारलं. म्हणते, मजेत हावो आजी. मजेत नसती तरी तेच म्हणाली असती. हो बी म्हणाली होती ते माह्याचसाठी." आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे मी विसरलेच होते. "तिचं हसणं मले ठावं हाये. ओठानं हसली त ते लोकायसाठी. खरी हसली का नाकावर चुण्या पडते तिच्या. लहानपणापासून. त्या चुण्या पाहाच्या हायेत मले. बस."

खरं होतं ते. लेक मनापासून हसली की आधी तिचं नाक हसतं. दोन्ही बाजूंनी आक्रसतं, डोळ्यांच्या मधे बारीक आडव्या चुण्या पडतात, आणि मग तोंड उघडतं. ती लहान असताना सासूबाई त्या चुण्यांवर बोट ठेवायच्या आणि ती आणखी हसायची. आणि मी काय केलं होतं? नवरीच्या नाकावर सुरकुती नको, म्हणून फोटो उघडला की पहिल्यांदा तीच जागा साफ केली होती. एखाद्या फोटोत चुण्या होत्या की नव्हत्या, हेही मला आठवेना. मी लेक बघतच नव्हते, मी कातडी बघत होते.

आणि लग्नाच्या दिवशी तरी मी कुठे बघितलं? मुलीच्या आईला लग्नात मुलगी दिसत नाही. तिला दिसतात संपत आलेला मठ्ठा, रुसलेली आत्या, हरवलेली किल्ली आणि न आलेला भटजी. दिवसभर मी लेकीच्या आजूबाजूनेच फिरले, पण तिच्या तोंडाकडे निवांत बघितलं असं एकदाही आठवत नाही. सासूबाईंना मी "हो नं" म्हटलं होतं ते नुसतं सवयीने. त्यांना जे माहीत नव्हतं ते मलाही माहीत नव्हतं.

तर मी कामाला लागले. दुपारी जेवणं झाली की सासूबाई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि मी मूळ फाईली उघडायची, माझा हात फिरायच्या आधीच्या. पहिला प्रयोग केला तो फोटो मोठा करण्याचा. लेकीचं नाक स्क्रीनभर झालं. सासूबाई म्हणाल्या, "भिंत हाये काय हे?" मग उजेड वाढवला, तर होतं तेही दिसेनासं झालं. मग कॉन्ट्रास्ट वाढवला. कॉन्ट्रास्ट म्हणजे अख्ख्या फोटोला एकच हुकूम: उजेडात आहेत त्यांनी आणखी उजेडात जा, अंधारात आहेत त्यांनी आणखी अंधारात. ह्यांचा कोट काळाकुट्ट झाला, मागचे लोक त्यात बुडाले, आणि हॉलच्या दिव्यांखाली बसलेल्या माझ्या पोरीचा चेहरा उजेडवाल्यांच्या बाजूला गेला आणि पांढराफटक पडला. "आता त भूत दिसून राहिलं," सासूबाई म्हणाल्या. मी कॉम्प्युटर बंद केला आणि चहा ठेवायला उठले. चिडलेच होते.

चहाचा कप घेऊन त्या मागच्या अंगणात जायला निघाल्या आणि मी दारातून बघत उभी राहिले. पिवळ्या पट्ट्याशी पाऊल जरा थांबलं, मग बरोबर खाली टेकलं. ह्यांनी अंगणात नवीन दिवा लावला नव्हता की पायरी मोठी केली नव्हती. फक्त जिथे पायरी संपते आणि अंगण सुरू होतं, तेवढी रेघ जागी केली होती. आणि मला एकदम ती पट्टी आठवली.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसने डावी-उजवीकडे ओढायची एक पट्टी आहे. तिचं काम लोकल कॉन्ट्रास्टचं. ती अख्ख्या गावात भांडण लावत नाही. प्रत्येक ठिपक्याला फक्त त्याच्या आसपासच्यांशी ताडून बघते. शेजाऱ्यांपेक्षा जरासा उजळ असेल त्याला किंचित आणखी उजळ करते, जरासा मंद असेल त्याला किंचित आणखी मंद. फोटोचा एकूण उजेड होता तेवढाच राहतो, पण गालापासून नाक सुटं होतं, ओठाखालची सावली उठते, कपाळावरच्या आठ्या वर येतात. ही पट्टी मी रोज वापरते. फक्त आजवर ती मी नेहमी डावीकडे ओढली होती. डावीकडे ओढली की शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक मिटतो आणि चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. माझं सगळं पोट त्या डाव्या बाजूवर चालतं. उजवीकडे काय आहे हे बघायची मला कधी गरजच पडली नव्हती.

दोन्ही घरच्यांच्या एका फोटोवर पहिल्यांदा ओढली ती फार जोरात. जिथे काळं आणि पांढरं शेजारी येतं तिथे जास्त ताणलं की कडेला पांढरी झळ सुटते, तशी ह्यांच्या काळ्या केसांभोवती सुटली. ह्यांनी मागून येऊन बघितलं. डोक्याभोवती तेजोवलय, कपाळाला टिळा. म्हणाले, "हा फोटो राहू दे, चांगला आला हाये." मग मी जोर कमी केला, घेर मोठा ठेवला, म्हणजे ठिपका जरा लांबच्या शेजाऱ्यांशीही ताडला जाईल, आणि चेहऱ्यापुरतंच थोडं थोडं करत गेले. माझ्या धंद्याच्या हिशेबाने फोटोची वाट लागत होती. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर रोमरंध्रं, देवीचे व्रण, दाढीचे खुंट, सगळं वर येत होतं. विहीणबाईंना तो फोटो दिसला असता तर त्यांनी पुन्हा आमच्याशी संबंध ठेवला नसता.

सासूबाईंनी मान वाकडी केली. मग बोट पुढे आलं.

"हे विहीण होय नं? हनुवटीवर गोंदलेलं हाये तिच्या?"

"होय, आई."

"अन् हा त माहा पोरगा. केवढं पोट सुटलं वं त्याचं!"

मी त्यांच्याकडे बघत होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू. कितीतरी दिवसांनी त्या नाव-गाव न विचारता माणसं ओळखत होत्या. कोण कुठे बसलं, कुणाच्या गळ्यात एकदाणी आहे, कोण तोंडात घास कोंबून फोटोला उभं आहे, सगळं त्यांना हवं होतं. मांडवात जे लग्न त्यांना नुसतं ऐकू आलं होतं, ते आता माझ्या समोरच्या खोलीत कूलरपुढे बसून त्या बघत होत्या.

आणि मग लेकीचे फोटो आले.

पहिल्या फोटोत ती हसत होती. सासूबाई जवळ सरकल्या. "ओठ हसून राहिले," म्हणाल्या. "नाक नाही." दुसऱ्यात तसंच. हळदीच्या फोटोत तसंच, हार घालताना तसंच. मी पट्टी आणखी थोडी पुढे ओढून बघितली, पण नसलेली घडी कुठून येणार? लोकल कॉन्ट्रास्ट जे आहे तेच उठवतो. फोटोग्राफरने "मॅडम, स्माईल" म्हटलं होतं आणि पोरीने स्माईल दिलं होतं, प्रत्येक फोटोत एकसारखं, मोजून मापून. मी त्यांना सांगायला लागले की आई, फोटोतलं हसू असंच असतं, दिवसभर कोण मनापासून हसेल, पाय दुखत असतात, शालू टोचत असतो. त्या मान हलवत होत्या, पण ऐकत नव्हत्या.

"दात दाखवून राहिली नुसती," म्हणाल्या आणि उठल्या.

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. काळ्या ताटात भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही त्या माझ्या खोलीत आल्या नाहीत, मागच्या दाराशी बसून राहिल्या. मी लेकीला फोन केला, सहज म्हणून. "तू खूश हायेस नं?" असं विचारलं तर ती म्हणाली, "हो गं आई, काय झालं? काहून विचारून राहिली?" तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. पण सासूबाईंनी माझ्या डोक्यात किडा सोडला होता. आता मलाही तिचं तोंड बघायचं होतं. आजी म्हणाली म्हणून हो म्हणणारी पोर, तिला आईने तरी उलटून विचारायला नको होतं का? माझा कशात जीव लागेना. अल्बमांची कामं पडून होती, डिस्का येऊन पडत होत्या, आणि मी दुसऱ्यांच्या नवरीमुलींच्या नाकांकडे बघत बसले होते.

शेवटी मी चहा घेऊन मागच्या दाराशी गेले आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसले. म्हटलं, "आई, तुमाले तिचा आवाज त ऐकू आला असंल त्या दिवशी. एकदा तरी हसली असंल नं मोठ्यानं?"

त्यांनी मान अंगणाकडे वळवली. मग म्हणाल्या, "एकदा हसली. मले हसली."

मला लगेच आठवलं. जेवणाच्या आधी नातजावयाचं तोंड गोड करायचा मान आजीचा होता. सासूबाईंच्या हातात संत्रा बर्फी दिली, कुणीतरी त्यांना पुढे नेलं, आणि त्यांनी मोठ्या प्रेमाने "घ्या जवाईबापू" म्हणत बर्फी भरवली ती शेजारी उभ्या असलेल्या जावयाच्या मित्राला. त्याने बिचाऱ्याने तोंड उघडलंही. सगळा हॉल हसला. त्यानंतर सासूबाई "थकली मी" म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या होत्या आणि शेवटपर्यंत तिथेच होत्या. मला वाटलं खरंच थकल्या.

"सारे हसले," त्या म्हणाल्या. "तेबी हसली. आवाज ओळखू आला मले. अन् कोणंतरी माह्या हाताले धरून बाजूले केलं. मले तेव्हाच वाटलं, आता आपण मधात मधात नाही करा लागत."

मी चहा तिथेच ठेवला आणि आत आले. अल्बमात त्या प्रसंगाचा फोटो नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. पण फोटोग्राफरने काढला नसेल असं होत नाही. तो नापास फोटोंत असणार. डोळे मिटलेले, कुणाचं डोकं आडवं आलेलं, तोंड वेडंवाकडं झालेलं, असे सगळे फोटो फोटोग्राफरनेच आधी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलेले असतात आणि तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी एकेक उघडत गेले. जांभया, पाठी, अर्धी माणसं. आणि मग तो सापडला.

फोटो वाईट होता. जरा हललेला, उजेड कमी, मंडप वाकडा. सासूबाईंचा हात उंच, चिमटीत केशरी बर्फी. मित्राने आ वासलेला. लेकीचे डोळे गच्च मिटलेले, म्हणूनच नापास. मी तिच्या चेहऱ्यापाशी गेले आणि पट्टी हळूहळू उजवीकडे न्यायला लागले. गालावरून नाक सुटलं. भुवया वेगळ्या झाल्या. आणि मग त्यांच्या मधे एक रेघ आली, तिच्याखाली दुसरी, नाकपुडीच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक घड्या. मी माऊस सोडून दिला. मला रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही.

"आई, या इकडं," मी ओरडले. "लवकर या."

त्या भिंतीला धरून आल्या, खुर्चीवर बसल्या, मान वाकडी केली. नजरेचा तो एक चांगला कोपरा फोटोवरून फिरवत त्यांनी आधी स्वतःला शोधलं, मग बर्फी, मग तो आ वासलेला मित्र. "मेला," म्हणाल्या. मग लेकीपाशी आल्या आणि थांबल्या.

त्यांनी बोट उचललं आणि स्क्रीनवर तिच्या नाकावर ठेवलं, पूर्वी ठेवायच्या तसंच.

"हायेत वं," म्हणाल्या. "चुण्या हायेत."

"हायेत नं."

"पण हे त मले हसून राहिली."

"नाही, आई. नीट पाहा. हे हात कोणाचे हायेत?"

सासूबाईंच्या हातावर दोन हात होते. एक मेंदीचा, लेकीचा, कोपराशी. दुसरा जावयाचा, मनगटाशी. तो कमरेत वाकलेला होता आणि त्यांचा हात धरून ती बर्फी मित्राच्या तोंडापासून स्वतःच्या तोंडाकडे ओढत होता, लहान पोर खाऊसाठी ओढतं तसा. तोही हसत होता. आणि लेकीचं तोंड मिटल्या डोळ्यांनी आजीकडे नव्हतंच, त्याच्याकडे होतं.

मी हे सगळं त्यांना बोटाने दाखवत सांगितलं. त्यांनी पुन्हा पुन्हा त्या हातांवरून बोट फिरवलं. "म्हंजे मले बाजूले नव्हतं केलं त्यानं," म्हणाल्या. "त्याले बर्फी पायजे होती." आणि मग त्या हसायला लागल्या, इतक्या की खुर्ची हलायला लागली, आणि मीही हसले. माझ्या पोरीचं बरं चाललं आहे, हे मला त्या वेडगळ, हललेल्या फोटोवरून पटलं. का पटलं हे मला विचारू नका.

"सावनेरचा हाये नं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "गोडाले हापापलेला असतेच." मग पुन्हा फोटोत शिरल्या. त्यांना आता तो सोडवत नव्हता. बोट कडेकडेने फिरत होतं. लेकीच्या खांद्यामागे ते येऊन थांबलं.

"हे मागं कोण हाये?"

"कुठं?"

"हे. पदर खोचलेली. हसून राहिली ते." त्यांनी मान आणखी वाकडी केली. "तुही माय होय काय? नाही वं, ते त जाऊन किती वर्षं झाले."

मी बघितलं. नापास फोटो होता, त्यामुळे त्याच्यावर माझा हात फिरलेला नव्हता. डोळ्यांखालच्या पिशव्या, कानाजवळचे पांढरे केस, गालावरचे वांगाचे डाग, हसताना तोंडाच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या खोल रेषा, सगळं त्या पट्टीने वर आणलं होतं. त्या दिवशी मी लेकीच्या मागे उभी होते आणि हसत होते, हे मलाही तेव्हाच कळलं.

"मी होय, आई," मी म्हटलं.

बाहेरून ट्रक गेला, टेबल हललं. त्यांनी स्क्रीनवरच्या माझ्या चेहऱ्यावर तळवा ठेवला आणि मग माझ्याकडे तोंड वळवलं, जिथे त्यांना बहुतेक धुकंच दिसत असणार.

"तू कवा म्हातारी झाली वं?" त्या म्हणाल्या. "माह्या डोयापुढं त तू अजून लग्नातलीच हायेस. माह्याच घरात म्हातारी झाली, अन् मले दिसलंच नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी माऊसकडे हात नेला. "थांबा," म्हटलं, "माहा चेहरा जरा साफ करू द्या."

त्यांनी चाचपडत माझा हात पकडला आणि घट्ट धरून ठेवला.

"राहू दे," म्हणाल्या. "आत्ता कुठं दिसून राहिली तू मले."